पावणेसहाला एंट्री कुणी केली?

पत्र असं आहे, थोडं काटछाट करून (स्पॉन्सर म्हणजे ट्रायल करवून घेणारी कंपनी, मॉनिटर म्हणजे तिच्या वतीनं साइटची, म्हणजे हॉस्पिटलची, कागदपत्रं तपासणारा माणूस, स्क्रीनिंग म्हणजे पेशंटला ट्रायलमध्ये घेण्याआधीची तपासणी, आणि ऑडिट ट्रेल म्हणजे संगणकातल्या प्रत्येक नोंदीचा आपोआप ठेवलेला इतिहास):

‘मॅडम, नमस्कार. मी लातूरच्या एका खासगी हॉस्पिटलात क्लिनिकल ट्रायलची को-ऑर्डिनेटर आहे. बी. फार्म. झाल्यावर इथंच लागले, दीड वर्ष होत आलं. रक्तदाबाच्या औषधाची ट्रायल चालू आहे. पुढच्या महिन्यात स्पॉन्सरचं ऑडिट आहे. मॉनिटरनी आमच्या साइटच्या ऑडिट ट्रेलची एक्सेल फाइल सरांना पाठवली. दोन हजारांच्या वर ओळी, त्यातल्या बहुतेक माझ्या नावावर. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “एवढे बदल केलेस तू?” त्यात पहाटे पावणेसहाच्या एंट्र्या आहेत. तेव्हा मी घरी झोपलेली असते. एका पेशंटचं स्क्रीनिंगचं बीपी १८० होतं ते मी १४० केलं, असं दिसतं. खरं म्हणजे सिस्टर रजिस्टरला मराठी आकडे लिहितात आणि त्यांचा चार मला आठ वाटला. पण ट्रायलमध्ये १६० च्या वरचे पेशंट चालत नाहीत, म्हणून आता भीती वाटते. कारणाच्या रकान्यात मी सगळीकडे ‘डेटा एंट्री एरर’ टाकलंय. सरांची सही निघून गेल्याचंही माझ्याच नावापुढे आहे. माझ्यावर डेटा बदलल्याचा ठपका येईल का? आत्ता काही दुरुस्त करता येईल का? सोबत दहा ओळींचा नमुना पाठवते, पेशंटचे नंबर झाकलेत. तसं सरांचं लॉगिनही कधी कधी मीच वापरते, सर ओपीडीत अडकलेले असतात म्हणून, पण ते सगळीकडेच चालतं. नाव छापू नका.’

आता उत्तर.

‘आत्ता काही दुरुस्त करता येईल का’, याचं आधी सांगते, म्हणजे घाईत काही करून बसणार नाही. ट्रेल दुरुस्त होत नाही. तो झाकायला जे कराल, त्याची त्यातच आणखी एक ओळ वाढते. ऑडिट तोंडावर आलंय म्हणून जुने फॉर्म उघडून त्यातली कारणं ‘नीट’ लिहीत बसू नका, आणि रजिस्टरवर पेन तर मुळीच चालवू नका. दुसरं, नमुना पाठवताना नंबर झाकलेत हे बरं केलं, पण ट्रायलचा डेटा असा बाहेर पाठवायचा नसतो. मी तो काढून टाकलाय. खाली आकडे बदललेत, गोष्ट तीच ठेवलीय.

लातूरकडच्या माणसाला ऑडिट ट्रेल समजावायला मला कधी इंग्रजी पुस्तक लागलं नाही. घरचा सातबारा बघितला असेलच. सातबाऱ्यावर आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. ती तिथवर कशी आली, ते फेरफाराच्या नोंदवहीत असतं. आजोबा गेले की त्यांचं नाव कुणी खोडरबरानं पुसत नाही, ते कंसात जातं, खाली वारसांची नावं येतात आणि बाजूला वर्तुळात फेरफाराचा नंबर पडतो. तो नंबर धरून मागं गेलं की कुणी, कधी, कशाच्या आधारे नोंद घातली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी ती कधी प्रमाणित केली, सगळं सापडतं. तुमच्या ईडीसीतला, म्हणजे ट्रायलचा डेटा भरायच्या सॉफ्टवेअरमधला, फॉर्म हा सातबारा, ऑडिट ट्रेल ही फेरफाराची वही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचा, एफडीएचा, २१ सीएफआर भाग ११ हा १९९७ चा नियमही वेगळं काही मागत नाही: नोंद संगणकानं आपोआप व्हावी, तिच्यावर तारीख-वेळ असावी, आणि नव्या नोंदीनं जुनी झाकली जाऊ नये.

एखाद्या गटाला फेरफार जास्त आहेत म्हणजे जमीन कुणी लाटली, असं तलाठी म्हणत नाही. चार भाऊ वाटणीला बसले तरी पानं भरतात. तुमचे सर मात्र नेमकं तेच म्हणाले.

तर त्या दोन हजार ओळी. नमुन्यातल्या दहाच धरू. पहिल्या सहा ओळींत ‘जुनं मूल्य’ हा रकाना रिकामा आहे, ‘नवं मूल्य’मध्ये वजन, उंची, नाडी, तापमान, वरचं बीपी, खालचं बीपी. सहाही ओळींची वेळ सेकंदापर्यंत तीच. म्हणजे तुम्ही एक फॉर्म भरला आणि एकदा सेव्हचं बटण दाबलं. सिस्टिमनं प्रत्येक रकान्याची वेगळी ओळ लिहिली. यात बदल एकही नाही, ही पहिली भरती आहे. सातवी ओळ बीएमआयची, तो वजन-उंचीवरून सिस्टिमनं काढला. काही सॉफ्टवेअरमध्ये असं गणित ‘सिस्टिम’च्या नावावर पडतं, काहींत सेव्ह करणाऱ्याच्या. तुमच्याकडे ते तुमच्या नावावर पडलंय. आठवी ओळ क्वेरीची, म्हणजे नोंदीवर काढलेल्या शंकेची: बीपी मर्यादेबाहेर आहे, तपासा. नववीत १८० चे १४०. दहावीत सही निघाली.

दहा ओळींत खरा बदल एक. फाइलला फिल्टर लावा आणि ‘जुनं मूल्य’ रिकामं असलेल्या ओळी बाजूला काढा. मग क्वेरी उघडली-मिटली, मॉनिटरनी पडताळणीची खूण केली, फॉर्म फ्रीझ केला, लॉक केला, अशा ओळी काढा. मध्येच ट्रायलच्या आराखड्यात सुधारणा होऊन फॉर्मची नवी आवृत्ती आली असेल, तर त्या एका रात्रीत शेकडो ओळी पडलेल्या दिसतील. त्याही वेगळ्या काढा आणि ती तारीख मॉनिटरकडून लेखी मागून घ्या. उरेल ते तुमचं काम. ते किती उरेल हे मी इथं बसून सांगणार नाही, पण सरांनी बघितलेल्या ढिगाऱ्याशी त्याचा संबंध नसेल. ही चाळलेली फाइल सरांपुढे ठेवताना मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी जपा.

पहाटेच्या एंट्रीवर तुमची झोप उडाली असेल, तर आता खुशाल झोपा. फाइलमध्ये वेळेच्या मथळ्यात बारीक अक्षरात यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, असं लिहिलेलं असेल. नसलं तरी बहुतेक तेच आहे. आपली घड्याळं त्यापुढे साडेपाच तास चालतात. ०५:४१ म्हणजे इथले अकरा वाजून अकरा मिनिटं. रजिस्टरला बीपी घेतल्याची वेळ १०:५० आहे. वीस मिनिटांत एंट्री, म्हणजे शाबासकी द्यावी असं काम. तीच ओळ साडेपाच तास न मिळवता वाचली, तर पेशंट औशाहून एसटीत बसायच्या आधीच त्याचं बीपी तुम्ही भरून ठेवलं, असा अर्थ निघतो. हा अर्थ काढून एखाद्या साइटला चार पानी पत्र गेलेलं मी पाहिलंय. पाठवणारा कुठल्या देशात बसला होता ते सोडा, उत्तर लिहिणाऱ्यानंही साडेपाच तास मिळवले नव्हते, त्यानं माफी मागितली होती.

पण गृहीत धरू नका, पडताळा. ज्या एंट्रीची वेळ तुम्हाला दुसरीकडून पक्की माहीत आहे अशी एक घ्या. लॅबला सॅम्पल पाठवल्याच्या मेलची वेळ, किंवा मॉनिटर समोर बसलेले असताना मिटवलेली क्वेरी. ती ट्रेलमध्ये शोधा आणि फरक मोजा. साडेपाच तास निघाले तर यूटीसी. उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा निघाले तर सर्व्हरची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची आहे, तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ एक तास मागंपुढं करतात. आणि स्क्रीनवर इथली वेळ, पण एक्सेलमध्ये काढली की यूटीसी, असंही असतं. तेव्हा स्क्रीन बघून फाइलबद्दल वाद घालू नका.

तारखेचं तेवढं ध्यानात ठेवा. इथं रात्री साडेबारा वाजता, म्हणजे १ जुलैला केलेली एंट्री यूटीसीत ३० जूनची दिसते. एरवी त्यानं बिघडत नाही. पण गंभीर दुष्परिणामाची बातमी इन्व्हेस्टिगेटरनं, म्हणजे साइटवर ट्रायलची जबाबदारी असलेल्या डॉक्टरनं, तुमच्याकडे सरांनी, २४ तासांत औषध नियंत्रकांना, स्पॉन्सरला आणि एथिक्स कमिटीला द्यायची असते. तिथं तास मोजले जातात, आणि कुठल्या घड्याळानं मोजले ते लिहावं लागतं.

सहीचं एका ओळीत: सरांनी सही केलेल्या फॉर्ममध्ये नंतर काहीही बदललं की बऱ्याच सिस्टिम ती सही आपोआप उतरवतात, कारण सरांनी जे बघून सही केली ते आता तसं राहिलं नाही. ओळ बदल करणाऱ्याच्या नावावर पडते. तुम्ही सही काढली नाही, पुन्हा करायला सरांना सांगायला हवं होतं एवढंच.

आता १८० चे १४०. इथं मी तुम्हाला लगेच धीर देणार नाही.

ट्रेल वाचणारा सराईत माणूस किती बदल झाले ते आधी मोजत नाही, ते कुठल्या बाजूला झाले ते बघतो. शंभर ठिकाणी वजन पाचशे ग्रॅमनं मागंपुढं झालं तर तो पान उलटतो. पण एकच आकडा ‘चालत नाही’ मधून ‘चालतं’ मध्ये आला, की तो चष्मा पुसतो. तुमची ओळ तशी आहे. खरी असली तरी तशी आहे. त्यामुळे ती तुम्हाला इतर ओळींपेक्षा जास्त जपून मांडावी लागेल.

रजिस्टरचं ते पान उघडा. मराठी चार घाईत लिहिला, वरची दोन टोकं जवळ आली, की इंग्रजी आठासारखा दिसतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचंही तसंच. पण ऑडिटर चेन्नईचा किंवा बर्लिनचा असेल, तर त्याच्यासाठी तो आठच. म्हणून त्याच पानावर सिस्टरनी लिहिलेले दुसरे चार आणि दुसरे आठ शोधा. सिस्टर मराठी आकडे लिहितात म्हणजे त्यांचा आठ मराठी आहे, एका बाजूला उघडा, इंग्रजी आठासारखा दोन गाठींचा नाही. त्या पानावर दोन गाठींचा आठ कुठेच नसेल, तर तुमची बाजू त्या पानानंच मांडली. मग पुढचं बघा: स्क्रीनिंगला बीपी एकदाच घेतलं की थोड्या थोड्या वेळानं तीनदा? तीनदा असेल तर बाकीची दोन रीडिंग कुठं आहेत? ती १३८ आणि १४२ असतील तर १८० हा उपराच ठरतो. ती १७६ आणि १७८ असतील, तर ताई, चूक पहिल्या एंट्रीत नव्हती, दुरुस्तीत होती. मग ते मॉनिटरला तुम्हीच आधी सांगा.

वेळेचा क्रमही लावून ठेवा. क्वेरी १८० भरल्याच्याच सेकंदाला पडलीय, म्हणजे ती सिस्टिमनं टाकली. दुरुस्ती दोन दिवसांनी, आपल्या वेळेनं दुपारी साडेबाराच्या सुमारास. पेशंटला औषधाचा गट, म्हणजे त्याला ट्रायलमधलं कुठलं औषध मिळणार ते, कधी वाटून दिला, ती वेळ मात्र तुम्ही पत्रात लिहिली नाही. तीच मला सगळ्यात आधी हवी होती. दुरुस्ती आधी आणि गट नंतर, तर क्रम सरळ आहे. गट आधी दिला आणि तेव्हा नोंदीत १८० होतं, तर पेशंट नोंदीप्रमाणे अपात्र असताना घेतला असा प्रश्न येईल, आणि त्याचं उत्तर त्या दिवशी पात्रता तपासून सरांनी फाइलला काय लिहिलं यावर अवलंबून आहे. गट वाटण्याची सिस्टिम बहुतेक वेगळी असते आणि तिचं घड्याळही वेगळं असू शकतं. दोन्ही वेळा एका घड्याळावर आणूनच शेजारी ठेवा.

रजिस्टरमधला तो चार ‘जरा स्पष्ट’ करायला सिस्टरना सांगू नका. भल्या मनानं हे होतं. ‘आकडा तर बराबरच हाय की,’ म्हणून त्या पेन फिरवतील, आणि तुमचा एकमेव साक्षीदार नासेल. मूळ नोंद बरोबर आहे, तिच्यावर दुरुस्ती कसली? वेगळ्या कागदावर टिपण लिहा: अमुक पानावरचा आकडा मराठी लिपीत १४० आहे, एंट्री करताना मी तो १८० वाचला, अमुक तारखेला क्वेरी आल्यावर मूळ पान पाहून दुरुस्त केला. खाली तुमची सही, सिस्टरची सही, सरांची सही, आणि आजची तारीख. तेव्हाची नाही, आजची. मागची तारीख टाकली की खरं टिपणही खोटं दिसतं.

‘डेटा एंट्री एरर’वरून मी कुणाला बोलायला नको, कारण हे मीही केलंय. माझी पहिली नोकरी इकडचीच, छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत. दुरुस्ती आली की कारणांच्या यादीतलं पहिलं कारण निवडायचं, यादी खाली सरकवायचा कंटाळा. बऱ्याच दिवसांनी एक ऑडिटर बाई आल्या आणि एका ईसीजीवरचा हृदयाचा वेग ६१ चा ६७ का केला, असं विचारलं. मी म्हटलं, एरर. त्या म्हणाल्या, ‘एरर इज फाइन. विच एरर?’ मला आठवेना. ठीक आहे, ईसीजीच बघू म्हणून फाइल काढली. ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, लोखंडी कपाटात दोन उन्हाळे काढलेली. पाकिटातून पांढरी स्वच्छ पट्टी निघाली. एका कडेला पेशंटच्या सहीची निळी शाई तेवढी शिल्लक. बाईंनी ती उजेडाकडे धरली, मला परत दिली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते नंतर अहवालात कळलं.

तेव्हापासून थर्मल कागद हातात आला की त्याच दिवशी झेरॉक्स, झेरॉक्सवर ‘मूळ प्रतीशी जुळते’, सही, तारीख. आणि कारणाच्या रकान्यात पाच-सहा शब्द: ‘रजिस्टरमधला मराठी ४ हा ८ वाचला’. नुसतं ‘एरर’ म्हणजे फेरफाराच्या कारणात ‘नाव बदलायचं होतं म्हणून’ लिहिण्यासारखं. वारस, खरेदी, वाटणी असं काहीतरी तलाठीसुद्धा लिहितो. जुन्या नोंदींची कारणं आता बदलायची नाहीत, हे वर सांगितलंच. ज्या दुरुस्त्या पात्रतेच्या किंवा ट्रायलच्या मुख्य मोजमापाच्या आहेत, तेवढ्यांची यादी करून प्रत्येकीचा मूळ कागद हाताशी ठेवा.

मॉनिटरनी ही फाइल आत्ता का पाठवली, याचंही तुम्हाला नवल वाटलं असेल. पूर्वी ट्रेल असायचा, पण तो कुणी उघडत नसे. युरोपच्या औषध संस्थेनं २०२३ मध्ये संगणकीय डेटाबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यांत ट्रेल नुसता ठेवून भागणार नाही, जोखीम बघून नेमानं वाचलाही पाहिजे, असं स्पष्ट आलं. जानेवारी २०२५ मध्ये आयसीएचची, म्हणजे देशोदेशींचे औषधांचे नियम जुळवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, ई६ ही गुड क्लिनिकल प्रॅक्टिसची तिसरी आवृत्ती अंतिम झाली, तिचाही रोख तोच. म्हणजे तुमच्यावर कुणी पाळत ठेवलेली नाही. आता सगळ्याच साइटचा वाचतात.

आणि वाचल्यावर सापडतंही. कागदी डायऱ्यांचं एक जुनं उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. २००२ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. पेशंटना दुखण्याची रोजची नोंद करायला कागदी डायऱ्या दिल्या होत्या, आणि बाइंडरमध्ये गुपचूप प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवला होता. डायऱ्यांप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर. सेन्सरप्रमाणे ११ टक्के. बाकीच्या डायऱ्या आपल्याकडे भरतात तशाच भरल्या असणार, व्हिजिटच्या दिवशी बस स्टँडवर, मांडीवर वही ठेवून. मोबाइलवरच्या डायरीत हे जमत नाही, चौदा दिवसांच्या नोंदी दहा मिनिटांत भरल्या तर तसंच दिसतं. तुमच्याकडे निलंगा, उदगीरकडून येणारे पेशंट असतील आणि गावात नेट जात असेल, तर मात्र उलटं बघा. फोनमध्ये रोज भरलेल्या नोंदी नेट आल्यावर एकदम चढतात. चढल्याची वेळ एकच, पण भरल्याची वेळ रोजची वेगळी. दोन्ही वेळा फाइलमध्ये आहेत का, ते विचारा. एकच असेल तर ती कुठली, तेही.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. ‘तसं सरांचं लॉगिनही कधी कधी मीच वापरते.’

बाकी सगळ्याला उत्तर आहे. याला नाही. त्याच भाग ११ मध्ये इलेक्ट्रॉनिक सही एकाच माणसाची असली पाहिजे आणि ती दुसऱ्या कुणी वापरता कामा नये, असं लिहिलंय. सरांची सही म्हणजे ‘मी हा डेटा पाहिला, तो बरोबर आहे’ हे डॉक्टरचं म्हणणं. ते तुम्ही म्हणालात. बीपी १८० की १४० असा प्रश्न असलेला तो फॉर्मही त्यात असेल, तर तो तुम्हीच भरला, तुम्हीच दुरुस्त केला आणि सरांच्या नावानं तुम्हीच तपासलाही.

ट्रेलला हे दिसतं का? त्याला बोटं दिसत नाहीत, नाव दिसतं. पण तुम्ही बाहेर पडलात १:११ ला आणि सर आत आले १:१२ ला, असं वीस वेळा झालं, तीन मिनिटांत चाळीस फॉर्मवर सही झाली आणि त्या वेळी ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरला सरांचं नाव आहे, तर कुणालाही जोडून घेता येतं. ट्रेल एकटा फार थोडं बोलतो, शेजारी दुसरी वही ठेवली की मग बोलायला लागतो. हजेरी, ओटीचं रजिस्टर, रजेचे अर्ज, ऑडिटर हीच मागतात.

‘सगळीकडेच चालतं’ हे खरं आहे. पासवर्ड की-बोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेला मी आपल्या डोळ्यांनी पाहिलाय, त्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती, दसऱ्याला संगणकाची पूजा झाली तेव्हाची. चालतं म्हणून ते तुमच्या नावावर माफ होत नाही. आणि हेही ऐका: मूळ जबाबदारी सरांची आहे. २०१९ च्या ‘नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल’ नियमांखाली इन्व्हेस्टिगेटर लेखी हमी देतो, ती तुम्ही दिलेली नाही. पासवर्ड तुम्ही चोरलेला नाही, तुम्हाला तो दिला. पण दीड वर्षाच्या नोकरीत ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती हे मला कळलं, तरी ऑडिटरच्या कागदावर त्याला रकाना नसतो.

आजपासून ते लॉगिन वापरायचं नाही. एक फॉर्मसुद्धा नाही, डेडलाइन असली तरी नाही. सरांना एकट्यात भेटा, ओपीडी संपल्यावर, चहाच्या वेळी. आरोपाच्या सुरात नको. नंतर त्याच दिवशी मेल करा, साधी चार वाक्यं: ‘सर, आज बोलल्याप्रमाणे. ईडीसीत काही फॉर्मवर आपल्या लॉगिननं सही मी केली होती. यापुढे मी ते लॉगिन वापरणार नाही, कृपया पासवर्ड बदलावा. आठवतात त्या तारखांची यादी सोबत आहे. हे मॉनिटरना कळवून आपण ते फॉर्म स्वतः पाहून पुन्हा सही करावी, अशी विनंती.’ यादीत जे पक्कं आठवतं तेवढंच. जे आठवत नाही तिथं ‘आठवत नाही’ लिहा, अंदाजानं तारखा भरू नका.

सर शहाणे असतील तर चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत आणि मग मॉनिटरला फोन करतील. ऑडिटच्या आधी साइटनं स्वतः सांगितलेली चूक आणि ऑडिटरनं खोदून काढलेली चूक, दोन्ही अहवालात येतात, पण पहिलीपुढे काय सुधारलं तेही येतं. पुन्हा सही झाली की जुनी सही ट्रेलमध्ये तशीच राहील, कंसातल्या नावासारखी. राहू द्या.

सर म्हणाले, ‘गप्प बस, कुणाला कळत नाही,’ तर? तर मेल पाठवलेला असू द्या आणि मॉनिटरशी तुम्हीच बोला. मॉनिटर ऐकून घेत नसतील तर एथिक्स कमिटीचे सदस्य सचिव असतात, त्यांच्याकडे लेखी द्या. नोकरीला धक्का लागणार नाही असं मी म्हणणार नाही. लातूरला दुसरी साइट शोधायची म्हणजे काय, मला ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगर, नाहीतर सरळ पुणे. पण ऑडिटरनं ‘ही सही तुम्ही केली का’ असं समोर बसवून विचारलं, तर सरांसाठी खोटं बोलू नका. ते उत्तर तुमच्या नावावर लिहिलं जाईल, सरांच्या नाही, आणि या धंद्यात को-ऑर्डिनेटरची मुलाखत घेणारे लोक मोजकेच आहेत, एकमेकांना ओळखतात.

सोमवारी सकाळी पहिलं काम रजिस्टरचं. त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवा, रंगीत मिळाली तर रंगीत. आणि सिस्टरना एकच सांगा, आकडे मराठी लिहायचे तर पूर्ण मराठी, इंग्रजी लिहायचे तर पूर्ण इंग्रजी, एका पानावर दोन्ही नकोत. कुठले सोयीचे ते त्यांना ठरवू द्या. त्यांनी मराठी निवडले तर एंट्री करताना रजिस्टर शेजारी धरून त्यांनाच आकडे मोठ्यानं वाचायला लावा.